वॉरिंग काउंटीचा सांधा

कुमुदिनीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावरच्या नकाशावर नाक टेकेल इतक्या वाकल्या आणि दोन कागद जिथे एकमेकांना चिकटवले होते त्या रेषेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवत नेलं. टेबलापलीकडे कोर व्हेरहूफ कॉफीचा कप हातात घेऊन उभे होते. कॉफी निवत चालली होती, पण एक्क्याऐंशी वर्षांच्या त्या उंच म्हाताऱ्याचं सगळं लक्ष त्या नखाकडे लागलं होतं.

“इथे कात्री लावलीय,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“काय लावलंय?” अस्मितानं विचारलं.

“कात्री. वरच्या कागदाचा खालचा समास कापून मग तो खालच्या कागदाला जोडलाय. हे बघ, कडेला आकड्यांची नुसती डोकी राहिलीत. इथे माप लिहिलेलं होतं, दोन कोपऱ्यांमधलं अंतर. यांनी ते दोन्ही कोपरे एकच धरलेत आणि वरचा कागद सरकवून रस्ता सरळ करून टाकलाय. इथे रस्ता सरळ नसणार, अस्मिता. त्यांना विचार, न कापलेले मूळ कागद आहेत का. आणि लाल टिंबानं दाखवलेली यांच्या पूर्वज बाईची ती कबर कुठल्या कोपऱ्यापासून मोजली तेही विचार. खालच्या कोपऱ्यापासून मोजली असेल तर जागा चुकलीय.”

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कागद कसा वळलाय, डिंक कुठे जास्त झालाय, रस्त्याची शाई नंतरची कशी दिसते, हे सगळं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. अस्मिता मान डोलावत ऐकत होती. आईचं बोलणं संपलं तेव्हा कोरनी भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

“आई म्हणते, फार सुंदर काम आहे,” अस्मिता डचमध्ये म्हणाली.

कोरचा चेहरा उजळला. त्यांनी कप खाली ठेवला आणि कुमुदिनीबाईंचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला. कुमुदिनीबाईंनी एकदा त्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला.

वॉरिंग काउंटी म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा चोवीस मैल लांब आणि चोवीस मैल रुंद असा चौकोनी तुकडा. कोर तिथे कधी गेले नव्हते. दोन हजार नऊ साली तिकिटं काढली होती, पण बायको आजारी पडली. ती गेल्यावर कोरच्या हृदयानं कटकट सुरू केली आणि डॉक्टरांनी विमानाला कायमची फुली मारली. तेव्हापासून हा माणूस नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावी आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून त्या काउंटीत राहत होता. तिचा इतिहास आणि भूगोल तो बावीस वर्षं लिहीत होता, आणि तिथल्या कुठल्या ओढ्याला कुठल्या साली पूर आला हे त्याला स्वतःच्या घरामागच्या चारीपेक्षा नीट ठाऊक होतं.

पुस्तक होतंही तसंच भरगच्च. गोऱ्यांची मोजणीची साखळी तिथे पोचण्याआधी त्या गवताळ रानात कोण शिकार करत होतं, कोणत्या कराराखाली त्यांना तिथून हाकललं, हे पहिल्याच प्रकरणात होतं आणि त्यात कोरनी शब्द सौम्य केले नव्हते. मग मोजणीदार आले. पुरुषभर उंच गवतातून, गुडघाभर चिखलातून, साखळी ओढत त्यांनी सगळा मुलूख सहा-सहा मैलांच्या चौकोनांत विभागला आणि प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे पाडले. त्यांतला सोळावा शाळेसाठी राखून ठेवला. नंतर शेतकरी आले, भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखाली घालून त्यांनी दलदल कोरडी केली. काउंटीचं मुख्य गाव कोणतं यावरून दोन गावं अशी हमरीतुमरीवर आली की एका गावच्या लोकांनी कचेरीची लोखंडी तिजोरी भर दुपारी बैलगाडीत घालून पळवून नेली. त्या तिजोरीच्या पानांवर कोर स्वतःच खो खो हसायचे. आणि शेवटच्या प्रकरणात बंद पडलेल्या शाळांची यादी होती. ती वाचताना मात्र त्यांचा आवाज बसायचा.

अस्मिताला हे सगळं पाठ होतं, कारण तिचं डच याच पुस्तकावर पोसलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या, मल्हारच्या, नोकरीमागून इथे आली, व्हिसावर ‘अवलंबून असलेली व्यक्ती’ असा शिक्का घेऊन. ग्रंथालयानं तिला भाषा शिकवायला एक स्वयंसेवक दिला, तो हा. पाठ्यपुस्तकातली दुकानं आणि बसथांबे कोरना पहिल्याच आठवड्यात कंटाळवाणे वाटले आणि त्यांनी आपल्या पुस्तकाची पहिली पानं तिच्यापुढे ठेवली. त्यामुळे ताप आलाय हे डॉक्टरला सांगता येण्याआधी तिला डुकरांच्या साथीच्या रोगाला डचमध्ये काय म्हणतात हे येऊ लागलं. दोन वर्षं दर मंगळवारी ती मोठ्यानं वाचायची आणि कोर तिला अडवायचे. एक चूक सोडायचे नाहीत. “नाही. पुन्हा.” तिसऱ्यांदा चुकलं तरी तेच, त्याच आवाजात. सुरुवातीला ती घरी येऊन रडली होती. पुढे औषधांच्या दुकानात मुलाखतीला गेली तेव्हा समोरच्या बाईनं विचारलं, इतकं स्वच्छ डच कुठे शिकलात? आज ती त्या दुकानाच्या काउंटरवर उभी राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांना गोळ्यांच्या वेळा समजावून सांगते, आणि हे कुणामुळे हे तिला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून गुरुवारी ती खोटं बोलली.

घरी यायला जेमतेम सत्तर पावलं. स्वयंपाकघरात आल्यावर कुमुदिनीबाईंनी परातीत भाजणी घेतली, कांदा चिरला, आणि पाठ फिरवूनच म्हणाल्या,

“मी चांगली चार मिनिटं बोलले. तू एक वाक्य सांगितलंस.”

अस्मितानं फ्रीज उघडला आणि उगाच बंद केला.

“आई, एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत ते. हार्ट पेशंट आहेत. बावीस वर्षं केलंय हे काम.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच काय? तू त्यांना आज पहिल्यांदा भेटलीस. ती अमेरिका, तुझा पाटण तालुका नाही. तिथली सिस्टिम वेगळी असेल.”

कुमुदिनीबाईंनी हात धुतले, टोपलीतून एक संत्रं घेतलं आणि लेकीला समोर बसवलं. देठाच्या बाजूनं सुरीचं टोक लावून त्यांनी सालीवर वरून खाली दोन चिरा पाडल्या.

“हे उत्तर टोक. या दोन रेषा खाली मध्यावर एकमेकींपासून किती लांब आहेत बघ. आता वर वर जा. जवळ यायला लागल्या की नाही? पृथ्वी गोल आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. पण सरकारनं ठरवलं, प्रत्येक चौकोन सहा मैलांचाच हवा. मग काय करायचं? काही अंतर वर गेलं की थांबायचं, एक आडवी रेषा मारायची आणि तिच्यावर पुन्हा पूर्ण सहा-सहा मैल नव्यानं मोजून पुढे जायचं. म्हणजे त्या रेषेवर खालून आलेला कोपरा वेगळा आणि वरचा वेगळा. खालून आलेला रस्ता तिथे थांबणार, थोडा बाजूला सरकणार आणि मग पुन्हा वर जाणार. ही चूक नाही, हा त्यांचा शहाणपणा आहे. काय लोक असतील ते! चिखलात उभं राहून पृथ्वीची गोलाई हिशेबात धरत होते.”

त्यांच्या डोळ्यांत असं कौतुक अस्मितानं फार वर्षांत पाहिलं नव्हतं. लहानपणी पाहिलं होतं बहुतेक. संध्याकाळी आई मोजणीवरून परत यायची तेव्हा लुगड्याच्या काठात कुसळं भरलेली असायची. ओसरीवर बसून मायलेकी ती एकेक उपटायच्या आणि आई कुठल्याशा डोंगरउताराच्या बांधाबद्दल असंच रंगून सांगायची. इथे मात्र ओळख करून देताना अस्मिता म्हणाली होती, आई सरकारी कचेरीतून रिटायर झालीय. तेवढंच.

“आता त्या साहेबांचा हा सगळा भाग तळं उपसून काढलेला,” कुमुदिनीबाई पुढे म्हणाल्या. “पट्टीनं आखल्यासारखे रस्ते. पाच-दहा मैलांत पृथ्वीची गोलाई कुठे जाणवतेय? सरळ रस्ता वाकडा दिसला की यांचा हात आपोआप कात्रीकडे जाणार. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण कबरीचा दगड चुकीच्या जागी बसतोय, अस्मिता.”

दगडाची गोष्ट अस्मिताला सांगायची गरज नव्हती. कोरच्या पणजोबांची बहीण योहाना अठराशे बहात्तर साली इथून आयोवाला गेली आणि अकरा वर्षांनी तिथेच बाळंतपणात वारली. तिचा नवरा पुढे अजून पश्चिमेला निघाला, पण निघण्याआधी त्यानं इकडे एक पत्र धाडलं. त्या पत्रात रडारड नाही. जमिनीच्या कोपऱ्याच्या खुणेपासून उत्तरेला इतक्या काठ्या आणि पूर्वेला इतक्या काठ्या, एवढंच, आणि शेवटी एक ओळ: आपल्यापैकी पुढे कुणी आलं तर तिला शोधून काढावं. एकशे बेचाळीस वर्षांत इथून कुणी गेलं नाही. शेवटी कोरनी ती जागा कागदावर शोधून काढली. योहानाच्या मुलीच्या वंशातला डेल नावाचा गृहस्थ अजून त्या काउंटीत राहत होता. त्यानं शेतमालकाची परवानगी घेतली, दगड घडवून आणला. सोमवारी पायाचं काँक्रीट ओतायचं होतं. जागेचे अक्षांश-रेखांश डेलला मेलनं कळवले होते अस्मितानंच, कोरनी सांगितले तसे टाईप करून.

“तू सांगतेस की मी जाऊ?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

“तू जाऊन काय बोलणार? भाषा येते का तुला?”

“संत्रं घेऊन जाईन.”

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुटीत अस्मितानं दुकानामागच्या बाकावर बसून फोनवर उपग्रहाचं चित्र उघडलं. आयोवा, वॉरिंग काउंटी. वरून बघताना सगळा मुलूख हिरव्या-तपकिरी चौकटींचा. तिनं खालून एक रस्ता पकडला आणि बोटानं वर वर नेला. मैलामागून मैल रस्ता नाकासमोर चालला होता, आणि मग एके ठिकाणी थांबून डावीकडे सरकला, थोडं अंतर जाऊन पुन्हा उत्तरेला वळला. तिनं शेजारचा रस्ता पाहिला. तोही. त्याच्या शेजारचाही, त्याच आडव्या रेषेवर.

कोरना हे वळण माहीत नव्हतं असं नाही. सातव्या प्रकरणात त्याचा उल्लेख होता आणि ते वाक्यही तिला पाठ होतं: पुढे रेल्वे आल्यामुळे येथे रस्ता वळवावा लागला. तिनंच ते टाईप केलं होतं. मोठ्यानं वाचताना त्यातल्या एका शब्दावर कोरनी तिला पाच वेळा अडवलं होतं, कारण उच्चार चुकत होता. सहाव्यांदा बरोबर आला तेव्हा म्हणाले होते, “आता बरोबर.” वाक्यच चुकीचं आहे हे तेव्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

तिन्ही रस्त्यांच्या आसपास तिनं रेल्वे शोधली. कुठेच नव्हती. डबा तिनं तसाच बंद केला.

शनिवारी सकाळी दहा वाजता मायलेकी पुन्हा कोरच्या दारात उभ्या राहिल्या. इथे न सांगता कुणी कुणाकडे जात नाही. कोरनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग अस्मिताच्या चेहऱ्याकडे, आणि दार पूर्ण उघडलं.

“कोर, तुमच्या नकाशात चूक आहे,” अस्मिता उभ्या उभ्याच म्हणाली. इतक्या सरळ ती या घरात कधी बोलली नव्हती. “दगडाची जागा चुकलीय. आई दाखवेल.”

कोरनी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं, दिवा ओढून घेतला आणि कुमुदिनीबाईंसाठी खुर्ची मागे सरकवली. कुमुदिनीबाईंनी पिशवीतून संत्रं काढलं.

अस्मिताला वाटलं होतं, आता आपल्याला शब्द न् शब्द उलगडून सांगावा लागणार. पण दोन-चार वाक्यांनंतर तिची गरजच उरली नाही. संत्र्याच्या सालीवरच्या दोन चिरा बघून कोर अर्ध्यातच “हं” म्हणाले. मग उठून जिन्याखालच्या कपाटातून पुठ्ठ्याची एक लांब नळी घेऊन आले. तिच्यात अमेरिकेतून मागवलेल्या मोजणी-नकाशांच्या प्रती होत्या, सोळाच्या सोळा, न कापलेल्या. त्यांनी पाचव्या क्रमांकाची प्रत पसरली. खालच्या समासात बारीक अक्षरांत आकडे होते. कुमुदिनीबाईंनी पेन्सिल घेतली, सवयीनं देवनागरीत आकडा लिहिला, जीभ चावून खोडला आणि इंग्रजीत लिहिला: 10.

“दहा साखळ्या,” कोर हळूच म्हणाले. “सहासष्ट फुटी.” त्यांनी 66 लिहून दाखवलं.

“आमची तेहतिसाची,” कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि तो आकडा शेजारी लिहून त्यापुढे वीस मांडले. कोरनी ते पाहिलं आणि लगबगीनं एक जुनी वही उघडून तिच्यातली एक ओळ दाखवली. त्या मोजणीदारांनी अवघड जागी अर्धी साखळी वापरली होती, तेहतीस फुटांची. अस्मितानं ते सांगताच कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. कुठे आयोवा आणि कुठे पाटण, आणि साखळी तीच! दोघंही लहान पोरांसारखी हसली. मग कोरचं हसणं थांबलं, कारण पुढचा हिशेब त्यांना दिसू लागला होता.

योहानाचा नवरा आडव्या रेषेच्या वरच्या बाजूला राहत होता. तो आपल्या जमिनीच्या कोपऱ्यापासून मोजणार, शेजाऱ्याच्या नव्हे. कोरनी भिंग घेऊन दोन्ही कोपरे पाहिले, पत्र काढून पुन्हा वाचलं, पट्टीनं मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. तास उलटून गेला. विमानतळाकडे उतरणारी विमानं एकामागून एक छपरावरून जात होती आणि त्या टेबलाशी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या देखण्या नकाशावर, जिथे लाल टिंब होतं तिथून सहाशे साठ फूट पश्चिमेला, पेन्सिलीनं एक बारीक फुली केली. त्या हाताबद्दल अस्मिताला त्या क्षणी इतका आदर वाटला की तिचे डोळे भरून आले.

“डेलला आत्ता लिहू,” ते म्हणाले. “त्याच्याकडे पहाट आहे, पण शेतकरी माणूस उठलेला असेल.”

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला नाही. स्वतःच दोन बोटांनी टाईप केलं. प्रिय डेल, मी चुकलो. काँक्रीट ओतू नकोस. मग नवे आकडे. मग थांबून अस्मिताला विचारलं,

“ही चूक कुणी शोधली असं लिहू? तुझी आई नक्की काय होती, विचार तिला.”

अस्मितानं आईला विचारलं नाही.

“सरकारच्या जमीनमोजणी खात्यात होती,” ती म्हणाली. “बत्तीस वर्षं. दुसऱ्यांनी मोजलेली जमीन वादात सापडली की हिला पाठवायचे. ही पुन्हा मोजायची आणि हिचा शब्द अखेरचा. मराठीत अशा माणसाला निमतानदार म्हणतात.”

आपल्या पदाचं नाव डच वाक्याच्या शेवटी ऐकून कुमुदिनीबाईंनी मान वर केली.

कोरनी तो शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि एकेक अक्षर जुळवत लिहिला. मेल पाठवली. लॅपटॉप बंद केला. मग खुर्ची अस्मिताकडे वळवली.

“गुरुवारी तुझी आई बराच वेळ बोलत होती. ती हेच सांगत होती?”

“हो.”

“तुला समजलं होतं?”

“सगळं नाही. पण चूक आहे, एवढं समजलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

अस्मिताला खोटी कारणं तीन-चार सुचली. शाळकरी पोरीसारखी ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” ती म्हणाली.

कोर रागावलेले दिसत नव्हते, पण सोडून देण्याच्या बेतातही नव्हते.

“वाईट वाटलंच,” ते म्हणाले. “फक्त दोन दिवस उशिरा. आणि ते दोन दिवस मी आनंदात होतो, चुकीच्या दगडावर. तो आनंद मला नको होता, अस्मिता. तू मला म्हातारा समजलीस. मी तुला कधी परकी समजून सूट दिली का?”

“नाही,” अस्मिता म्हणाली.

“काय म्हणाले ते?” कुमुदिनीबाईंनी विचारलं.

आता एक वाक्य पुरलं असतं. काही नाही, थँक्यू म्हणाले, असं सांगता आलं असतं आणि आईनं ते मानून घेतल्यासारखं केलंही असतं. अस्मितानं नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, दोन दिवसांचा आनंद, म्हातारा समजणं, सूट न देणं, काहीच गाळलं नाही. स्वतःबद्दलचं आईला ऐकवताना लाज वाटत होती, पण ते तिनं नीट, सावकाश सांगितलं.

कुमुदिनीबाई ऐकून घेत राहिल्या. मग त्यांनी टेबलावर पडलेली संत्र्याची साल गोळा करून बशीत ठेवली.

“आता माझं सांग त्यांना,” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा एकदा कात्री लावली होती.”

“काय?”

“सांग आधी.”

अस्मितानं सांगितलं. कोरनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

“नोकरीचं दुसरं वर्ष. तेव्हा मी नकाशे गिरवायला होते. दोन गावांचे कागद जुळत नव्हते आणि साहेबांना संध्याकाळी जिल्ह्याला पाठवायचे होते. मध्ये एक पट्टी उरत होती. मी कापली.” त्या एकेक वाक्य बोलून थांबत होत्या, लेकीला वेळ देत होत्या. “चार गुंठे होते ते. एका एकट्या बाईचे. दहा वर्षांनी निमतानदार होऊन त्याच गावात गेले, तेव्हा माझाच सांधा माझ्यापुढे आला. मी नकाशा दुरुस्त करून घेतला. पण ती बाई तोवर गाव सोडून गेली होती. कुठे गेली, कुणालाच सांगता आलं नाही.”

अस्मितानं आईकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या कुसळांच्या गोष्टींत ही गोष्ट कधी आली नव्हती.

“दहा वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही?” कोरनी विचारलं.

“नाही,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “त्या नकाशासाठी साहेबांनी सगळ्या कचेरीसमोर माझी पाठ थोपटली होती. हेही सांग.”

अस्मितानं तेही सांगितलं. पाठ थोपटल्याचं वाक्यसुद्धा तिनं गाळलं नाही.